नाशिकची हवा आणि घरची अळिंबी

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या पुढेमागे इगतपुरी-घोटीकडे भाताची झोडणी होते आणि खळ्याच्या कडेला पेंढ्याच्या गंजी उभ्या राहतात. त्याच सुमारास निफाड, सिन्नर, येवल्याकडे सोयाबीनचं भुसकट ढिगानं पडलेलं असतं. काही जनावरांपुढे जातं, काही बांधावर कुजतं. हाच पेंढा, हेच भुसकट घराच्या एका कोपऱ्यात महिना-सव्वा महिन्यात ताजी भाजी देऊ शकतं. त्याला माती लागत नाही, शेत लागत नाही. ही भाजी म्हणजे अळिंबी, बाजारात जिला आपण मशरूम म्हणतो.

मी घरी अळिंबी लावते आणि शेजारपाजारच्या बायकांना लावायला शिकवते. त्यांना जे पहिल्यांदा सांगते, तेच तुम्हालाही सांगते. नाशिकमध्ये अळिंबी लावायची तर आधी कोणता महिना चालू आहे ते बघा आणि मग जात निवडा. बहुतेक जण याच्या उलट करतात. हॉटेलात खाल्लेलं पांढरं गोल बटण मशरूम मनात धरतात आणि ते घरी कसं येईल म्हणून धडपडतात. बटणाला वाढताना १४ ते १८ अंश तापमान लागतं, शिवाय दोन-तीन आठवडे कुजवून तयार केलेलं खास कंपोस्ट लागतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थंड असतात खऱ्या, निफाडचा पारा तर दरवर्षी बातमीत येतो, पण त्याच दिवशी दुपारी चांगलं ऊन पडतं. घरात बटण लावणं म्हणजे एसीचं बिल भरणं. ते व्यापाऱ्यांना करू द्यावं.

आपली खरी सोबतीण म्हणजे धिंगरी, इंग्रजी नावानं ऑयस्टर. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते आणि पारा साधारण बावीस ते तीसच्या दरम्यान खेळतो, तेव्हा करड्या रंगाची धिंगरी उत्तम येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पांढरी धिंगरी लावावी, मात्र तेव्हा हवा कोरडी असते, पाणी फवारायला आळस चालत नाही. गुलाबी धिंगरी उकाडा जास्त सोसते. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा मात्र धिंगरी सोडून दुधी अळिंबीकडे वळावं. ही आपल्याच देशातली. १९७४ साली पुरकायस्थ आणि चंद्रा या शास्त्रज्ञांनी पश्चिम बंगालमधून तिची नोंद केली. तिला ३० ते ३५ अंश मानवतात. पेंढा भरलेली पिशवी अळिंबीच्या धाग्यांनी पांढरी झाली की वर वाफवून घेतलेल्या मातीचा तीन-चार सेंटिमीटर थर द्यावा लागतो, एवढंच एक काम वाढतं.

जागेचं म्हणाल तर जिन्याखालची जागा, वापरात नसलेली न्हाणी, उत्तरेकडची गॅलरी, यांपैकी काहीही चालतं. पंचवटीत, जुन्या नाशकात ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांच्याकडे तर आयती सोय आहे. जाड भिंतींचं माजघर भर दुपारीही गार असतं. कडेला ओली गोणपाटं टांगली की झालं. झोपण्याच्या खोलीत मात्र लावू नका. त्याचं कारण पुढे सांगते.

आता पहिली पिशवी कशी भरायची ते नीट ऐका. एक किलो कोरडा पेंढा घ्या, सोनेरी, करकरीत, पावसात न भिजलेला. काळा पडलेला, कुबट वासाचा पेंढा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. विळीवर किंवा अडकित्त्यावर बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी काढून टाका आणि पेंढा ८० अंशाच्या आसपास गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवा. थर्मामीटर नसेल तर पातेल्याच्या तळातून बारीक बुडबुडे सुटताहेत पण पाणी खळखळत नाही, इतपत आच ठेवा. या गरम पाण्यानं पेंढ्यावरच्या इतर बुरशी मागे पडतात आणि आपल्या अळिंबीला मोकळं रान मिळतं. मोठ्या शेडवर यासाठी बाविस्टिन हे बुरशीनाशक आणि फॉर्मेलिन हे जंतुनाशक, यांचं द्रावण वापरतात. घरात, पोराबाळांच्या वावरात, फॉर्मेलिन आणायला माझा स्पष्ट विरोध आहे. एक-दोन पिशव्यांसाठी गरम पाणी पुरेसं आहे.

मग पेंढा चाळणीवर किंवा स्वच्छ खाटेवर निथळत ठेवा. किती निथळवायचा, यावर अर्धं यश ठरतं. मूठभर पेंढा घेऊन घट्ट पिळा. पाणी ठिबकलं तर अजून थांबा. पाणी ठिबकत नाही पण तळवा ओलसर होतो, तिथे थांबायचं. ओल जास्त राहिली की पिशवीच्या तळाशी पाणी साचतं, आंबूस वास येतो आणि तिथून पुढे ती पिशवी वाचत नाही.

बियाण्याला स्पॉन म्हणतात. उकडलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर अळिंबीचे पांढरे धागे वाढवलेले असतात, ते स्पॉन. घेताना पिशवी उजेडात धरून बघा. दाणे एकसारखे पांढरे हवेत. हिरवा किंवा काळा ठिपका दिसला तर परत करा. तयार केल्याची तारीख विचारा, महिन्याच्या आतलं घ्या. गुलाबी धिंगरीचं स्पॉन फ्रिजमध्ये ठेवू नका, ते थंडीनं मरतं. एक किलो कोरड्या पेंढ्याला शंभर ग्रॅम स्पॉन पुरतं. हात साबणानं धुऊन, पंखा बंद करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत चार बोटं पेंढा, मग कडेकडेनं थोडं स्पॉन, पुन्हा पेंढा, असे थर दाबून भरा. तोंड बांधा, सुईनं पंचवीस-तीस भोकं पाडा आणि अंधाऱ्या जागी ठेवून द्या.

त्यानंतर पंधरा ते वीस दिवस काही करायचं नाही. धागे पेंढ्यात शिरत जातात, पेंढ्याला टणकपणा देणारं लिग्निन आणि सेल्युलोज पचवतात आणि पिशवी हळूहळू पांढरीशुभ्र होते. हिरवा डाग दिसला तर ती ट्रायकोडर्मा बुरशी. तशी पिशवी घरात उघडू नका, थेट बाहेर न्या.

पिशवी पांढरी झाली की प्लॅस्टिक कापून काढा किंवा जागोजागी चिरा द्या, आणि ती टांगा. आता तिला तीन गोष्टी हव्यात. पुस्तक वाचता येईल इतका उजेड, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा बारीक फवारा आणि खेळती हवा. बहुतेक लोक पाण्याची काळजी घेतात आणि हवेला विसरतात. अळिंबीचा श्वास आपल्यासारखाच, ती कार्बन डायऑक्साइड सोडते. बंद खोलीत तो साठला की देठ लांबलचक होतात आणि टोपी कोवळ्या बटणाएवढीच राहते. असं दिसलं की दुसरं औषध शोधू नका, खिडकी उघडा. तिला बारीक जाळी मात्र लावा, कारण पावसाळ्यात चिलटं वासावर येतात आणि त्यांच्या अळ्या धागे खातात.

टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसल्यापासून तीन-चार दिवसांत तोडणी येते. टोपीची कड अजून खाली वळलेली आहे, तोवर घोस हातानं पीळ देऊन काढा. कड वर उलटली की उशीर झाला. तेव्हा ती पांढऱ्या भुकटीसारखे बीजाणू सोडू लागते. ते श्वासात गेले की काहींना खोकला आणि दम्यासारखा त्रास होतो. झोपायच्या खोलीत पिशवी नको म्हटलं ते यासाठी. आठ-दहा दिवसांनी दुसरी तोडणी येते, मग तिसरी. एक किलो पेंढ्यावर एकूण अर्धा ते पाऊण किलो अळिंबी मिळाली तर काम चांगलं झालं समजा. उरलेला पेंढा कुंड्यांना, गांडूळखताला उत्तम.

द्राक्षबागायतदार श्रोते विचारतील, आमच्या छाटणीच्या काड्या चालतील का? काड्यांचा भुगा करून त्यावर धिंगरी येते. पण आपल्या बागांवर तांबं असलेलं बोर्डो मिश्रण आणि किती तरी बुरशीनाशकं पडलेली असतात. बुरशीनाशकाच्या काडीवर बुरशी वाढवायची, ही मुळातच अडचण. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अळिंबी तांब्यासारखे जड धातू स्वतःत ओढून घेते आणि ते मग आपल्या ताटात येतात. म्हणून फवारणीच्या बागेतल्या काड्या खाण्याच्या अळिंबीसाठी वापरू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आता औषधी अळिंबीकडे येते. हल्ली रेशी, शिटाके, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स ही नावं सगळीकडे ऐकू येतात. शिटाके आणि लायन्स मेन लाकडाच्या भुशावर येतात आणि त्यांना गारवा लागतो. नाशिकच्या थंडीत तयार ब्लॉक, म्हणजे स्पॉन घातलेले भुशाचे ठोकळे, आणून हौसेनं करता येतील. भुसा स्वतः तयार करायचा तर तो प्रेशर कुकरमध्ये दीड-दोन तास निर्जंतुक करावा लागतो, नुसतं गरम पाणी तिथे पुरत नाही. शिटाके खायला फार चवदार, पण कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाल्लं तर काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसे लाल पट्टे येतात. नीट शिजवूनच खा. आपल्या पावसाळी हवेला मानवणारी औषधी अळिंबी म्हणजे रेशी, तिला २५ ते ३० अंश आवडतात. पण ती लाकडासारखी टणक आणि कडू. तिची भाजी होत नाही, काढाच होतो.

गुणांबद्दल जपून बोलायला हवं, कारण आजारी माणूस कशावरही विश्वास ठेवतो. जपानमध्ये टर्की टेल नावाच्या अळिंबीपासून काढलेलं पीएसके आणि शिटाकेपासून काढलेलं लेंटिनान कर्करोगाच्या उपचारात केमोथेरपीच्या जोडीनं दिलं गेलं, हे खरं आहे. पण ते शुद्ध केलेले अर्क, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले. घरच्या पावडरीला तेच गुण चिकटवणं चूक आहे. लायन्स मेनमधल्या घटकांनी प्रयोगशाळेत मज्जापेशींच्या वाढीला चालना मिळते असं दिसलं, माणसांवरचे अभ्यास मात्र अजून लहान आहेत. रेशीच्या पावडरीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तिच्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. घरात असं कुणी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि कॉर्डिसेप्स. हिमालयाच्या उंच कुरणांत अळीच्या अंगातून उगवते ती कीडाजडी वेगळी, आणि बरणीत तांदळावर, एसीच्या खोलीत वाढवतात ती कॉर्डिसेप्स मिलिटारिस वेगळी. विकणारे दोन्ही एकाच भावात आणि एकाच कौतुकात बसवतात. ‘लाखभर भरा, किट घ्या, माल आम्हीच उचलू’ असं कुणी सांगत आलं तर पैसे देण्याआधी त्यांचा माल आज कोण विकत घेतंय ते प्रत्यक्ष जाऊन बघा. शिकायचं असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचं केंद्र आहे, देशपातळीवरची संस्था हिमाचलात सोलनला आहे, आणि आपल्या नाशिकच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करता येईल.

पहिल्या पावसानंतर पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे वारुळावर अळिंबी उगवते. तिथल्या जाणत्या बाया ती ओळखतात, आपण ओळखत नाही. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किडे खातात ती चांगली, हे सगळं खोटं आहे. काही विषारी अळिंब्यांचं विष शिजवूनही जात नाही. त्रास सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो, मध्ये बरं वाटल्यासारखं होतं आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. रानातली अनोळखी अळिंबी उचलूच नका.

घरची धिंगरी हाती आली की तिला पाण्यात भिजत ठेवू नका. हातानं उभ्या पट्ट्या फाडा आणि तोडल्यावर अर्धा-एक तास दुपारच्या उन्हात, टोपीखालच्या पाकळ्यांची बाजू वर करून ठेवा, उन्हानं तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. मग तापलेल्या तव्यावर तेलाशिवाय परता. सुटलेलं पाणी पूर्ण आटू द्या, कडा जरा तांबूस होऊ द्या, आणि मगच तेल, ठेचलेला लसूण, कांदा आणि आपला काळा मसाला घाला. पाणी आटायच्या आधी तेल पडलं तर भाजी रबरासारखी वातड होते. बरोबर बाजरीची गरम भाकरी हवी. जास्त निघाली तर कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवा, किंवा कडक उन्हात कुरकुरीत वाळवून डब्यात भरा.

नमस्कार.