कूपन दुकानाचं, बेगमी घराची

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्र लागला की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. भुसार बाजारात गव्हाची पोती रस्त्यापर्यंत येतात, आणि आपल्या मोबाइलवर सवलतीच्या मेसेजांचा पाऊस पडतो. किराण्यावर अमुक टक्के सूट, हे कूपन टाका, एकावर एक घ्या, आज रात्री बारापर्यंतच. घरखर्च वाचवायचे हे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींवर मी बरीच वर्षं चालते आहे. त्याबद्दलच आज बोलायचं आहे.

आधी कूपनचं बघू. अमेरिकेतल्या काही गृहिणींचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ढकलगाडी ओसंडून वाहते आहे, बिल दोनशे डॉलरचं होतं आणि कूपनांचा गठ्ठा पुढे सरकवला की हातावर जेमतेम पाच-दहा डॉलर द्यावे लागतात. हे खोटं नाही. तिथे कूपन बहुतेक वेळा माल बनवणारी कंपनी काढते. रविवारच्या वर्तमानपत्रात त्यांची पुरवणी येत असे, आता ती फोनवरही येतात. दुकानदार ते कूपन घेतो आणि नंतर कंपनीकडून पैसे वसूल करतो. त्यावर दुकानाचं स्वतःचं कूपन चालतं, आणि काही दुकानं तर कंपनीच्या कूपनची किंमत दुप्पट धरत. अशी थरावर थर सूट लागली की वस्तू खरोखर फुकटात पडते. पण त्या गाडीत काय असतं ते नीट पाहा. शाम्पू, टूथपेस्ट, सॉसच्या बाटल्या, नाश्त्याचे खोके. कांदे, बटाटे, पालेभाजी त्यात सहसा दिसत नाही.

आपल्याकडे गणित वेगळं. इथे प्रत्येक पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, सगळ्या करांसहित. तिच्यावर विकायला बंदी, खाली कितीही विका. त्यामुळे ‘एमआरपीवर तीस टक्के सूट’ या पाटीवरून मुळात एमआरपी किती वर छापली होती तेवढंच कळतं. पाकिटातली तूरडाळ सूट वजा करूनही कोपऱ्यावरच्या वाण्याच्या सुट्या डाळीपेक्षा महाग निघते, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

मग ॲपवरचं कूपन. पाचशेच्या खरेदीवर पन्नास रुपये सूट. तुमची यादी झाली चारशे तीसची. आता सत्तर रुपयांसाठी आपण काहीतरी शोधत बसतो आणि सॉसची बाटली टाकतो. बिल होतं साडेचारशे. म्हणजे खिशातून वीस रुपये जास्तच गेले, आणि घरात एक बाटली आली. सॉस लागणारच होता तर वीस रुपयांत मिळाला, उत्तम. लागणार नव्हता तर पन्नासची बचत कुठे झाली?

कूपन अजिबात नको असं मी म्हणत नाही. साबण, धुण्याची पावडर, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, भांड्याची वडी, चहा. यांवर चांगली सूट दिसली की मी सहा महिन्यांचा साठा घेते. या वस्तू घरात लागणारच असतात, ब्रँड ठरलेला असतो आणि त्या नासत नाहीत. चहाच्या पुड्याबरोबर येणाऱ्या बरण्यांनी मात्र माझा माळा भरला आहे, त्याचं काय करायचं ते कुणी सांगेल का?

आता दुकानात उभं राहून करायची एक गोष्ट सांगते. यापुढे खाद्यतेलाची पिशवी घ्याल तेव्हा ती उलटी करा आणि वजन वाचा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं अशा वस्तू ठरावीक मापांतच विकायचं बंधन होतं. ते उठल्यापासून ८५० ग्रॅम, ८४० ग्रॅम, ८०० ग्रॅम, अगदी साडेसातशे ग्रॅमच्याही पिशव्या बाजारात आल्या. दिसायला सगळ्या एकसारख्या. समजा एक लिटरची पिशवी १५० रुपयांना आहे आणि शेजारची ८४० ग्रॅमची १४२ रुपयांना. आपला हात आपसूक आठ रुपये स्वस्त पिशवीकडे जातो. पण किलोचा हिशेब मांडला तर पहिली पडते १६५ रुपयांच्या आसपास आणि दुसरी १६९ रुपये. हा हिशेब डोक्यात मांडायचीही गरज उरलेली नाही, कारण पाकिटावर एककाची किंमत छापणं आता सक्तीचं आहे. किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमला किती पैसे, किलोच्या वरचं असेल तर किलोला किती रुपये. अक्षर मुंगीएवढं असतं, बहुधा एमआरपीच्या शेजारीच. चष्मा लावून वाचा.

डब्याचंही तेच. तेलाचा पत्र्याचा डबा पंधरा किलोचाही मिळतो आणि पंधरा लिटरचाही. पंधरा लिटर म्हणजे साडेतेरा किलोच्या थोडं वर. फरक जवळजवळ एक किलो साडेतीनशे ग्रॅमचा, आताच्याच भावाने दोनशे वीस रुपये. ‘पंधराचा डबा द्या’ एवढंच म्हटलं तर यांतला कुठला येईल, ते दुकानदाराच्या मर्जीवर.

श्रोतेहो, आता दुसरा रस्ता, बेगमीचा. कूपन आपल्याला दुकानाच्या वेळापत्रकाने खरेदी करायला लावतं. बेगमी चालते पिकाच्या वेळापत्रकाने. नवी तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत बाजारात येते. हळद, हरभरा आणि मंगळवेढा-बार्शीकडची रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये. गहू मार्च-एप्रिलमध्ये. बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्या उन्हाळाभर. कोकणात आमसुलं मे महिन्यात. आवक भरपूर असते तेव्हा भाव नरम असतो, हे समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या आधी सुकट, बोंबील, जवळा, मिरची, कांदे घरात आले की माणसं निवांत होत. गोव्यात त्यालाच पुरुमेंत म्हणतात, आणि मे महिन्यात मडगावात पुरुमेंताचं फेस्त भरतं तेव्हा सुकी मासळी, मिरची, आमसुलं यांनी रस्ता भरून जातो.

पण बेगमीने पैसे किती वाचतात? इथे मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे, कारण या विषयावर उमाळ्याने बोलणारे खूप आहेत. समजा चार माणसांच्या घराला वर्षाला दीड क्विंटल गहू लागतो. हंगामात साफ केलेला लोकवन चौतीस रुपये किलो मिळाला आणि पावसाळ्यात तोच एकोणचाळीस झाला, तर वाचले साडेसातशे रुपये. त्यातून टेम्पो, हमाली वजा करा. पाच हजार शंभर रुपये एकदम अडकले, तेही धरा. त्यातून गव्हाला टोके लागले आणि दहा किलो टाकून द्यावे लागले, तर हिशेब जवळपास बरोबरीत सुटला. नुसत्या गव्हात मोठी बचत नाही. पाकिटातलं पीठ सोडून गहू दळून आणायला लागलात तर ती दिसते. खरी बचत आहे तूरडाळीत, मिरचीत, हळदीत, घरी केलेल्या मसाल्यात.

तूरडाळीची गोष्ट आठवते ना? २०१५ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला डाळ शंभर रुपयांच्या आसपास होती. ऑक्टोबरात ती कितीतरी शहरांत दोनशेच्या वर गेली. ज्यांनी चैत्रात वीस-पंचवीस किलो भरून ठेवली, त्यांची दिवाळी निर्धास्त गेली. मात्र २०१६ च्या खरिपात तूर इतकी पिकली की २०१७ साली भाव हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला ५,०५० रुपयांच्याही खाली आले. आपल्या राज्यात शेतकरी खरेदी केंद्रांबाहेर तूर घेऊन दिवसच्या दिवस थांबले होते. त्या आधीच्या महागाईला घाबरून ज्यांनी दोन-दोन वर्षांची डाळ भरली, त्यांचे पैसे डब्यातच राहिले. तेव्हा बेगमी एका वर्षाची, नव्या पिकापासून नव्या पिकापर्यंत. त्यापुढचा तो सट्टा.

पोतं घेताना कराचंही एक लक्षात असू द्या. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागला, पण तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर. सुटं धान्य त्यातून वगळलेलं होतं, आणि २५ किलोच्या वरचं पोतंही. बाजारात सव्वीस किलोची तांदळाची पोती अचानक का दिसायला लागली, त्याचं उत्तर इथे आहे.

आता साठवण. धान्य आणणं सोपं, राखणं अवघड. सोंडा नावाचा किडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बुजवून टाकतो. वरून दाणा स्वच्छ दिसतो, आणि उबदार हवेत महिनाभरात आतून किडा बाहेर. म्हणजे डब्यात किडे बाहेरून शिरतात असं नाही, बरेचदा आपणच ते पोत्याबरोबर घरात आणतो. म्हणून गव्हाला दोन-तीन कडक उन्हं द्यायची. उन्हं दिल्यावर रात्रभर पसरून थंड होऊ द्यायचा आणि मगच भरायचा. गरम गहू डब्यात भरला तर आत घाम येतो. तांदळाला मात्र ऊन देऊ नका, तडकून कणी पडते. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात चोळायचा, हात नुसता ओशट होईल इतकाच. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला. तिखटात हिंगाचे खडे.

आणि डबा काठोकाठ भरायचा. आत हवा कमी राहिली की किड्यांचा जीव गुदमरतो. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवं खणून हळद साठवायचे, तिथेही हवाबंद अंधारच हळद राखायचा. बंद पेव उघडल्यावर माणसं लगेच आत उतरत नसत, इतकी आतली हवा विषारी झालेली असे. आपल्या घरात याचा सोपा अर्थ असा की दीड क्विंटलची एक कोठी अर्धी रिकामी होईपर्यंत उघडझाक करण्यापेक्षा लहान-लहान डबे भरा आणि एकेक उघडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कृपा करून शेजारीपाजारीही सांगा. काही ठिकाणी धान्याबरोबर कापडात बांधून एक राखाडी गोळी देतात, ‘गव्हात ठेवा, वर्षभर किडा लागणार नाही’ म्हणून. ती बहुतेक ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या दमटपणाने तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो माणसांचा जीव घेतो. झोपेत कुटुंबंच्या कुटुंबं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ही गोळी सरकारी गोदामं आणि परवानाधारक कीडनियंत्रणवाले यांच्यासाठीच आहे, घरासाठी नाहीच. दुकानदाराने दिली तर घेऊ नका. शेरभर गहू किडला तर किडू दे. बोरिक पावडरही मी धान्याला लावत नाही. तांदूळ निदान धुतो तरी, गहू तसाच दळायला जातो.

काय भरू नये, तेही पटकन सांगते. रवा, मैदा, बेसन, पोहे महिन्यापुरतेच. शेंगदाणे पावसाळ्यात फार नकोत. दमट हवेत त्यांना येणारी बुरशी नुसती चव बिघडवत नाही, विष तयार करते. कुबट, काळपट दाणे कुटात ढकलू नका. बाजरीचं पीठ आठवड्याचंच दळा, ते कडू होतं.

एक प्रश्न तुमच्या मनात येत असेल. एकदम दहा-पंधरा हजार आणायचे कुठून? प्रश्न रास्त आहे. रोज दहा रुपयांचं तेल आणि पाव किलो डाळ नेणारी बाईच बाजारात सगळ्यात महाग दर मोजते, आणि तिला कुठलंच कूपन लागू होत नाही. यावर बायकांनीच तोड काढली आहे, ती म्हणजे धान्याची भिशी. दहा जणी वर्षभर दरमहा थोडे पैसे टाकतात आणि चैत्रात सगळ्यांचं धान्य एकदम घाऊक भावाने घेऊन वाटून घेतात. मुंबईत १९७५ साली ग्राहक चळवळीतले बिंदुमाधव जोशी आणि आपले गायक-संगीतकार सुधीर फडके यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तिच्या वितरणाचं तत्त्व हेच. शेजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची आणि आलेला माल आपसांत वाटायचा. मधले हात कमी झाले की भाव उतरतो. लहान फ्लॅटमध्ये कोठी ठेवायला जागा नसेल तर हा मार्ग सगळ्यांत सोयीचा, कारण साठा तीस दिवसांचा आणि भाव पोत्याचा.

यंदा गहू भरणार असाल तर अवकाळीचे चार थेंब पडून गेल्यावर लगेच बाजारात धावू नका, भिजलेला माल तेव्हाच पुढे येतो. पोत्याच्या तोंडाचा गहू पाहू नका, हात कोपरापर्यंत आत घाला आणि तळचा मूठभर काढा. चार दाणे दाताखाली धरा. कट्ट आवाज आला तर भाव करा. दाणा दबला, तर गहू ओला आहे. दुकानदाराला सांगा, आठ दिवसांनी येते, आणि पुढच्या दुकानात जा.

नमस्कार.