पाचवा एडवर्ड १७ वर्षांचा असता तर

[दृश्य : वेल्सच्या सीमेवरचा लडलो किल्ला]

९ एप्रिल १४८३. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड वेस्टमिन्स्टरला वारला. वारस, म्हणजे पाचवा एडवर्ड, लडलोला, वय १२. बातमी पोचायलाच पाच दिवस गेले.

राजाचं लग्न १४६४ चं. १४६६ मध्ये पहिली मुलगी झाली, एलिझाबेथ. मग मेरी, मग सिसिली. मुलगा झाला थेट नोव्हेंबर १४७० मध्ये, तोही बाप परागंदा असताना. थोरली एलिझाबेथ मुलगा असती, तर बाप गेला तेव्हा वारस १७ वर्षांचा असता.

याच वयात तिसऱ्या एडवर्डने नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात मॉर्टिमरला, त्याच्या नावाने राज्य चालवणाऱ्या सरदाराला, पकडून कारभार हाती घेतला होता. सहाव्या हेन्रीला तर सोळावं पुरं व्हायच्या आतच सज्ञान ठरवलं गेलं.

राजा अज्ञान असला की राज्यरक्षक नेमायचा. पण १४२९ चा दाखला होता : सहाव्या हेन्रीच्या डोक्यावर मुकुट चढला आणि त्याच्या काकाचं ते पद संपलं. म्हणूनच राणीच्या माहेरच्यांना, वुडविलांना, राज्याभिषेकाची घाई. ४ मे तारीख धरलेली.

बालराजाचा काका, चौथ्या एडवर्डचा भाऊ रिचर्ड, यालाही हा दाखला ठाऊक असणारच. २९ एप्रिलच्या रात्री नॉर्थॅम्प्टनला तो राजाच्या मामाबरोबर, अर्ल रिव्हर्सबरोबर, जेवला. सकाळी त्यालाच अटक केली. मग स्टोनी स्ट्रॅटफर्डला पुतण्या ताब्यात.

[दृश्य : चर्मपत्राचा तुकडा, जवळून]

हा त्याच सुमाराचा. वर बालराजाची सही. खाली रिचर्डची, सोबत त्याचं फ्रेंच ब्रीद : ‘निष्ठेने मी बांधलेला’. तिसरी रिचर्डच्या साथीदाराची, ड्यूक ऑफ बकिंगहॅमची.

राज्याभिषेक लांबला, झालाच नाही. जूनमध्ये आई-बापाचं लग्नच बेकायदा ठरवलं आणि ६ जुलैला मुकुट रिचर्डच्या डोक्यावर चढला. लग्नाचा आक्षेप थोरल्या मुलावरही घेता आला असता. पण सज्ञान राजाला राज्यरक्षक लागतच नाही. मग रिचर्डच्या हाती सत्ता येणार कुठल्या वाटेने?

नुसतं वय पुरतं असंही नाही. सहाव्या हेन्रीचा मुलगा १७ वर्षांचाच होता, तरी १४७१ मध्ये ट्यूक्सबरीला मारला गेला. मात्र चौथ्या एडवर्डने त्याच्या बापाकडून घेतलेली गादी त्याला लढून परत मिळवायची होती. इथे ती बापाकडून आयती येत होती.

खरा फरक ब्रिटनीत, आजच्या फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, दिसला असता. १४८३ च्या शरदातलं रिचर्डविरुद्धचं बंड फसल्यावर चौथ्या एडवर्डच्या पदरची कितीतरी माणसं तिकडे पळाली आणि हेन्री ट्यूडरला, पुढे रिचर्डला हरवून राजा झालेल्या दावेदाराला, मिळाली. जुन्या धन्याचाच मुलगा गादीवर असता, तर त्यांना इंग्लंड सोडायचं कारणच नव्हतं.