लॉराने विचारलं, बाबांनी झोपवलं

हे कॅन्सस, अमेरिकेच्या मधोमध, आणि इथे इंडिपेंडन्स गावाजवळ आता जी ओंडक्यांची झोपडी दिसतेय ती मूळची नाही बरं का, नंतर बांधलेली आहे. लॉरा इंगल्स वाइल्डरने स्वतःच्या बालपणावर लिहिलेलं 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' हे पुस्तक लहानपणी ज्यांनी वाचलंय त्यांना त्यातलं हे घर पाठ असतं. खिळे नाहीत म्हणून लॉराचे बाबा लाकडी खुंट्या ठोकून दार करतात, कडीला चामड्याची दोरी, ती बाहेर लोंबत ठेवली की पाहुण्याने ओढायची आणि आत यायचं, रात्री आत ओढून घेतली की झालं कुलूप! हे असलं वाचताना आपण पण सोबत सुतारकाम करतोय असं वाटायचं.

मोठेपणी वाचलं की मात्र दुसऱ्याच जागी अडकायला होतं. लॉरा विचारते, बाबा, हा तर इंडियन लोकांचा (म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा) मुलुख ना, मग त्यांना राग नाही का येणार, आणि बाबा म्हणतात, आता प्रश्न पुरे, झोप. बस्स, विषय संपला. जमीन ओसेज या मूळ रहिवासी जमातीची होती, लॉराचं इंगल्स कुटुंब तिथे चक्क बेकायदा राहत होतं. लॉरा इंगल्स वाइल्डरचा जन्म 1867 चा, म्हणजे तेव्हा ती जेमतेम दोन-तीन वर्षांची, पुस्तक आलं 1935 मध्ये, तर आठवणी कितपत तिच्या आणि कितपत घरच्यांच्या तोंडून ऐकलेल्या ते तुम्हीच ठरवा. पण तो प्रश्न तिने खोडला नाही, मला तरी पुस्तकातली सगळ्यात खरी जागा तीच वाटते.

आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच चक्क असं छापलेलं होतं की तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन राहायचे. 1953 च्या आवृत्तीत 'माणसं'च्या जागी 'वसाहतवाले' केलं, तेही कोणीतरी पत्र लिहून खडसावल्यावर.

मलेरियाचं प्रकरण आठवतंय? सगळं घर तापाने फणफणलेलं, शेजारीण म्हणते कलिंगडं खाल्ल्याने झालं. तेव्हा वाचवतात ते डॉक्टर टॅन, कृष्णवर्णीय, ओसेज लोकांवर उपचार करणारे. हे पात्र काल्पनिक नाही, डॉ. जॉर्ज टॅन खरंच होते, त्यांची कबर इंडिपेंडन्समध्येच आहे.

पुस्तकात सैनिक येऊन हाकलतील म्हणून बाबा संतापून घर सोडतात. प्रत्यक्षात विस्कॉन्सिन राज्यातलं आधीचं घर ज्याला विकलं होतं त्याला पैसे फेडता येईनात, म्हणून 1871 मध्ये हे परत गेले. आणि ओसेज? त्यांना तोवर ओक्लाहोमाकडे हलवायचं ठरलंच होतं, 1870 च्या कायद्याने.