रजईचं वजन आणि उजेडाचा हिशोब

(हिवाळी सत्रासाठी युरोपात निघालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय, 'थंडी, अंधार आणि कृतज्ञता'. पाऊण तास आणि तीन शब्द, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं. तशी ती येणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आधी हात वर करा. सप्टेंबरअखेर जर्मनीला जाणारे किती? बरेच आहात. आणि बॅगेत रजई घातलेले? लाजू नका. हां, हे हात आयांचे आहेत, मुलांचे नाहीत. नोंद घेतली.

तेवीस किलोंत तीन किलो रजई. तिकडे रजई मिळत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? ज्या देशात पाच महिने हिवाळा असतो, तिथे पांघरूण विकत मिळतं हो. ते तीन किलो भाजणीला, मेतकुटाला द्या. आपल्याकडे परदेशी निघालेल्या मुलाची सगळी काळजी थंडीच्या खात्यावर टाकतात, कारण थंडी आपल्याला ठाऊक आहे. निफाडचा पारा पेपरात वाचलेला असतो, महाबळेश्वरला कुडकुडून झालेलं असतं. अंधार मात्र आपल्याला ठाऊकच नाही. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. बर्लिनमध्ये २१ डिसेंबरला सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारला पाच-सहा मिनिटं कमी असताना मावळतो. साडेसात तासांच्या थोडं वर, बस. एडिंबराला सात तासही भरत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, की तुम्हाला त्रास होणार आहे तो उजेडाच्या तुटवड्याचा, आणि तयारी चालली आहे लोकरीची.

पण लोकरीचा विषय निघालाच आहे तर तो मिटवून टाकू. अंगावर तीन थर. अंगालगत घाम न धरणारं थर्मल, मधे फ्लीस किंवा लोकर, वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती बनियन आत नको. ट्राममध्ये उकडून घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि खाली उतरलात की तोच घाम थंड होऊन पाठीला चिकटतो. बुटांचंही तसंच. घट्ट बुटात दोन जाड मोजे घातले तर पाय जास्त गारठतो. ऊब धरते ती मोज्यांतली हवा, आणि तीच तुम्ही दाबून बाहेर काढलेली असते. बूट अर्धा नंबर मोठा घ्या आणि तिथेच घ्या. खोबरेल तेलाची बाटली नेताय? न्या. ते चोवीस अंशांखाली गोठतं, तेव्हा आंघोळीआधी बाटली कोमट पाण्यात उभी करायची. कडकडीत पाण्याने अर्धा तास आंघोळ केलीत तर मात्र कोणतंही तेल तुमची कातडी वाचवणार नाही. पाच-सात मिनिटं, कोमट पाणी, आणि अंग ओलसर असतानाच क्रीम.

आता खोली. इथे जरा थांबतो, कारण बहुतेकांची पहिली भांडणं घरमालकाशी होतात आणि ती इथेच होतात. खिडकीखाली रेडिएटर असतो. त्याच्या खटक्यावर १ ते ५ आकडे. आपला समज असा, की हे पंख्याच्या रेग्युलेटरसारखं आहे, ५ वर ठेवलं की लवकर तापेल. नाही तापत. तो आकडा खोलीचं तापमान सांगतो. ३ म्हणजे साधारण वीस अंश, आणि पुढेमागे प्रत्येक आकड्याला चार अंश धरा. ५ वर ठेवलंत तर अठ्ठावीस अंश होईपर्यंत तो तापत राहील, मग तुम्ही बनियनवर बसाल, खिडकी उघडाल आणि वर्षाअखेरीचं हीटिंगचं बिल आलं की घरी फोन कराल. ३ वर ठेवा आणि विसरून जा. खटक्यावर पडदा येऊ देऊ नका, पडद्यामागची गरम हवा म्हणजेच खोली असं तो समजतो आणि बंद पडतो.

दुसरं, खिडकी. जर्मन खिडकी दोन प्रकारे उघडते, पूर्ण, किंवा वरून जराशी कललेली. आपण ती कललेली ठेवतो दिवसभर, 'थोडी हवा खेळू दे' म्हणून. हवा फारशी खेळत नाही, चौकटीभोवतीची भिंत मात्र गार पडते. त्या भिंतीवर तुमच्या भाताची वाफ आणि वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी जमतं. मशीनभर कपडे पिळून निघाले तरी त्यांत दोनेक लिटर पाणी उरलेलं असतं. ते सगळं खोलीतच जातं! तीन आठवड्यांत कोपऱ्यात काळी बुरशी. बुरशीवर रंग मारून झाकू नका, ती परत येते. पद्धत अशी: रेडिएटर बंद, खिडकी सताड उघडी, पाच मिनिटं, मग खिडकी बंद आणि रेडिएटर पुन्हा ३ वर. दिवसातून तीनदा, शिवाय स्वयंपाक आणि आंघोळ झाल्या झाल्या. 'बाहेर पाऊस असला तर?' तरीही. शून्य अंशाच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम पाच ग्रॅम पाणी मावतं, वीस अंशांच्या हवेत सतरा. बाहेरची ओली वाटणारी हवा आत येऊन तापली की कोरडीच असते. आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ मिळतं, ते चाळीस ते साठ टक्क्यांत राहिलं की झालं.

स्मोक अलार्मचा प्रश्न तिसऱ्या रांगेतून आलाय. हो, फोडणीने वाजतो. त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायची नाही, कधीच नाही. तेल धुरावेपर्यंत तापवू नका, मोहरी तडतडली की लगेच कांदा घाला आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. मिरचीचा ठेचा रविवारी दुपारी. मध्यरात्री तीनशे जणांना पायजम्यात रस्त्यावर उभं करून मैत्री होत नाही.

किती वाजले? अरे बापरे. तर, उजेड.

तुम्ही पोचता तेव्हा दिवस-रात्र जवळपास सारखे असतात. ऑक्टोबरभर दिवस रोज चारेक मिनिटांनी आखडतो, ते लक्षातही येत नाही. मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उजाडतो, घड्याळ एक तास मागे जातं आणि बर्लिनमध्ये शनिवारी पावणेसहाला मावळलेला सूर्य रविवारी पावणेपाचला मावळतो. हे बहुधा दिवाळीच्या आगेमागे. घरचे फोटो येतात, आकाशकंदील, चकल्या, आणि तुमच्या खिडकीत चार-साडेचारला संध्याकाळ. झोप वाढते, उठवत नाही, गोड आणि ब्रेड खावासा वाटतो, पहिलं लेक्चर बुडतं. याला आळस म्हणू नका. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेले मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दर हिवाळ्यात परतणाऱ्या नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्यावर तेजस्वी प्रकाशाचा उपचारही करून पाहिला. सगळ्यांना ते नैराश्य होतं असं नाही, पण त्याची सौम्य सावली पुष्कळांवर पडते.

कारण साधं आहे. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं, आणि डोळ्याला उजेडाचा अंदाज वाईट असतो. खोलीतला दिवा 'लख्ख' वाटतो, तो दोन-तीनशे लक्स (लक्स हे उजेडाचं माप). ढगाळ दिवशी बाहेर काही हजार लक्स. म्हणून पहिला उपाय फुकटचा. उजाडल्यापासून दोन तासांच्या आत वीस-तीस मिनिटं बाहेर, मग मळभ असो की भुरभुर. विद्यापीठाच्या दोन स्टॉप आधी उतरा, हेच वेळापत्रकात बसतं. ग्रंथालयात तळघरातलं टेबल पकडू नका, खिडकीचं पकडा.

दुसरा उपाय दिव्याचा. १०,००० लक्स, अतिनील किरण गाळणारा, उठल्यावर तासाभरात अर्धा तास. खोक्यावर ते १०,००० किती अंतरावर मिळतात हे लिहिलेलं असतं, छोट्या दिव्यांना वीस सेंटिमीटर वगैरे. तो टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवला तर पैसे पाण्यात. दिव्याकडे टक लावायची नाही, तो जरा बाजूला ठेवून समोर पोहे खायचे. संध्याकाळी लावलात तर रात्री दोनपर्यंत जागे राहाल. डोळ्यांचा आजार, बायपोलर किंवा उजेडाची ॲलर्जी आणणारी औषधं चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

ड जीवनसत्त्व. ब्रिटनमध्ये शरद आणि हिवाळ्यासाठी सरकारी सल्ला रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, आणि सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर घ्यायचा विचार करावा. आपल्याकडून जाताना जी ६०,००० युनिटची पाकिटं नेता, ती आठवड्याला एक अशी डॉक्टर देतात, तीही ठरावीक आठवड्यांपुरती. रोजची समजून घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं दुखावतात. पाकिटावर पेनाने वार लिहा.

संयोजक उभे राहिलेत. दोन मिनिटं. कृतज्ञता.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकुलो यांचा २००३ चा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल आभार वाटतात अशा पाच गोष्टी लिहिल्या, दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आयुष्य एकूण बरं वाटलं, शारीरिक त्रासाच्या तक्रारी कमी, व्यायाम जास्त. आठवड्यातून एकदा, हे लक्षात घ्या. रोज लिहायला गेलात की चौथ्या दिवशी 'आई, बाबा, मित्र' असा पाढा सुरू होतो. नेमकं लिहा. 'शेजारच्या मुलाने छत्री दिली आणि परत मागितली नाही', असं. आणि शक्य असेल तर ते त्या माणसाला सांगा.

दोन आठवडे बहुतेक दिवस मन खाली असेल, जेवणखाण, झोप, अभ्यास बिघडला असेल, तर वही आणि दिवा यांवर भागवू नका. जर्मनीत विद्यार्थी सेवासंस्थांचं मानसिक समुपदेशन असतं, भेटीला वेळ लागतो म्हणून नोव्हेंबरातच विचारून ठेवा. रात्री-अपरात्री ०८०० १११ ० १११, टेलेफोनझेलझोर्गे, म्हणजे मन मोकळं करायची फोनसेवा, फुकट. ब्रिटनमध्ये तशीच सेवा समॅरिटन्सची, ११६ १२३. घरचे लोक इथे १४४१६ वर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला विचारू शकतात.

आणि पालकांसाठी एकच. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे. तुम्ही रात्री नऊला फोन करता, तेव्हा तिकडे साडेचार, अंधार पडतोय आणि मूल खोलीत एकटं बसलंय. त्याऐवजी दुपारी साडेचारला करा, चहाच्या वेळी. तिकडे बारा वाजलेले असतात, दिवसातला सगळ्यात जास्त उजेड. 'जेवलास का'च्या आधी 'बाहेर आहेस का' विचारा. आत असेल तर म्हणा, जिना उतर, मग बोलू.