मंगळावर लेझरला कार्बन दिसला, म्हणजे जीव सापडला का?

नमस्कार मंडळी! "कार्बन सापडला ना, मग जीव सापडलाच की!" अशा कमेंट्सचा नुसता खच पडलाय. आज तेवढंच बघू.

नासाची पर्सिव्हरन्स ही रोव्हर, म्हणजे फिरती यंत्रगाडी, फेब्रुवारी २०२१पासून मंगळावरच्या जेझेरो विवरात आहे. तिच्यावर लेझरची उपकरणं दोन: उंच मानेवर सुपरकॅम, हाताच्या टोकाला शेरलॉक.

सुपरकॅम ७ मीटरपर्यंतच्या दगडावर लेझर मारतो. इवल्याशा ठिपक्यातला दगड वाफ होऊन ठिणगी उडते, तिच्या उजेडातून मूलद्रव्यं ओळखतात. त्या उजेडात कार्बनच्या ठरलेल्या रंगाची रेष? दिसणारच! मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, ठिणगीत तीही उजळते. शिवाय रेणूच फुटून गेले. कार्बन चुनखडीतला की सेंद्रिय (कार्बन-हायड्रोजन जोडलेल्या रेणूंतला), कसं सांगणार?

म्हणून शेरलॉक. आधी दगडावर सुमारे ५ सेंटिमीटरचं वर्तुळ घासायचं, नायट्रोजनच्या झोतानं भुकटी उडवायची, मग उपकरण दगडापासून तेवढ्याच, सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर आणायचं. २४८.६ नॅनोमीटरचा अतिनील लेझर, ठिपका ०.१ मिलिमीटरचा. त्यातून दोन संकेत मिळतात: रामन, म्हणजे रेणूंवर आदळून तरंगलांबी किंचित बदलून परतलेला उजेड, आणि चकाकी, म्हणजे लेझर शोषून पदार्थानं स्वतः सोडलेला उजेड. तरंगलांबी इतकी आखूड का? रामन लेझरच्या तरंगलांबीला खेटून पडतो, चकाकी बरीचशी त्याच्या पुढे, म्हणून दोन्ही वेगळे दिसतात. हिरव्या लेझरमध्ये चकाकीखाली रामन बुडायची भीती असते.

आता खरी गोम. चकाकी म्हणजे सेंद्रिय रेणू? नाही हो! फॉस्फेट खनिजांमधलं सेरियम हे मूलद्रव्यसुद्धा ३०० ते ३५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात चमकतं. म्हणून रामनमध्ये १६०० सेंटिमीटर-व्युत्क्रमाजवळचा (हे रामन मोजायचं एकक) कार्बनचा पट्टा हवा. आणि तो मिळाला तरी? सेंद्रिय कार्बन उल्कांतूनही येतो. जीव लागतच नाही.

चेयावा फॉल्स हा दगड घ्या, जुलै २०२४चा. तिथे तो पट्टा मिळाला. बिबट्यासारख्या ठिपक्यांत लोहाचं फॉस्फेट आणि सल्फाइडही दिसलं, पण ते पिक्सल या रोव्हरवरच्या दुसऱ्या उपकरणाच्या क्ष-किरणांनी, लेझरनं नव्हे. सप्टेंबर २०२५च्या शोधनिबंधातही शब्द 'संभाव्य' जैवखूण असाच आहे, कारण ही खनिजं जीवाशिवायही बनू शकतात. कोडं सुटायचं तर त्या दगडाचा घेतलेला नमुना पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत यायला हवा. तो अजून मंगळावरच आहे.

"आपल्या प्रज्ञाननं का नाही शोधला जीव?" अहो, तो चंद्रावर होता! २०२३मध्ये त्याच्या लेझरनं गंधक टिपलं, तेही ठिणगी पाडूनच. म्हणजे मूलद्रव्यं कळली, रेणू नाहीत.