पेटी दिसली पाहिजे

(मुंबईतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'साथीची पेटी आणि श्रुतींचा प्रश्न' असा छापलाय. तिकडे मी येणारच आहे. पण दिवाळीचा आठवडा नुकताच आटोपलाय आणि डोक्यात अजून तोच घोळतोय. पार्ल्याला दिवाळी पहाट, गिरगावात देवळात अभंग, बीकेसीत एका हॉटेलात कंपनीचा कार्यक्रम आणि दादरला हिंदू कॉलनीत घरगुती बैठक. पेटी, म्हणजे हार्मोनियम, तीच, बोटंही तीच. तरी एका ठिकाणी वाजवलेलं दुसऱ्या ठिकाणी चाललं नसतं.

पहाटेचं आधी सांगतो. मोकळ्या जागी लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद, हा नियम. म्हणजे मुंबईत पहाट कायद्याने सहाला होते. (हशा) साऊंडवाला पावणेसहाला कानाला फोन लावून उभा, समोर आजोबा लोक मफलर गुंडाळून, आणि कोपऱ्यावर कुणीतरी लवंगी माळ लावतोय. गाणाऱ्या बाई एरवी काळी चारला गातात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. त्या दिवशी म्हणाल्या, "गळा अजून उघडला नाहीये, पांढरी पाच देता का?" आता मला काय, अर्धा स्वर खाली सरकायचं. शिकतानाच सगळ्या पट्ट्यांतून वाजवून घेतलेलं असतं. पण तबलजी! तबला दमट हवेत आधीच उतरलेला, तो त्याने हातोडी मारमारून काळी चारला चढवलेला, आणि आता बाई म्हणतात उतरव. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ना, जणू मीच गळा बसवला.

गिरगावातल्या देवळात उलटं. सभामंडपाला खालपासून वरपर्यंत टाइल्स. एक स्वर सोडला की तो भिंतीभिंतीला भेटून येणार, मग विरणार. तिथे पहिल्या दोन अभंगांत मी ताना भरल्या असत्या तर नुसता गलका झाला असता. म्हणून गाणाऱ्याची ओळ संपली की एकच स्वर धरायचा आणि हात उचलायचा. मागे बसलेल्या एक आजी नंतर म्हणाल्या, "आज पेटीवाले दमलेले दिसले." मी म्हटलं, हो आजी.

आता बीकेसी. हे जरा सविस्तर सांगू द्या, घरी सांगून झालंय, आता तिथे कुणी ऐकत नाही. आयोजकांची एक मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र, हातात यादी. म्हणाली, "सर, म्युझिक ट्रॅकवरून आहे, गाणंही ट्रॅकवर. तुम्ही फक्त बसा. पेटी दिसली पाहिजे." म्हटलं, माइक? "माइक नाही सर, पण भाता हलू दे. फोटो आहेत."

तुमच्यात पेटी वाजवणारे असतील त्यांना अडचण कळली असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. पट्टी दाबलीच नाही तर हवेला बाहेर जायला वाटच नाही. दोन-चार हात मारले की पोटातला भाता टम्म फुगतो आणि मागचा भाता हलेनासा होतो. म्हणजे भाता हलवायचा तर वाजवायलाच पाहिजे! बरं, ट्रॅक काळी एकला, देशभक्तीपर काहीतरी. तबलजी शेजारी बसून हवेत हात फिरवतोय. एसीच्या कोरड्या हवेने तबला चढून चढून कुठल्या कुठे गेलेला, पण त्या दिवशी त्याला फिकीर नव्हती. मी मुख्य खटका अर्धा उघडला आणि हळूच यमन राग सुरू केला. खास आपला, विलंबितात. समोर ध्वज, धूर, निळे दिवे, आणि माझा यमन. ऐकणारा एकटा तबलजी. त्याने तर समेवर मान पण दिली.

दहा मिनिटांनी तीच मुलगी वाकून आली. "सर, थोडं कमी वाजवा ना, ट्रॅकला डिस्टर्ब होतंय." (हशा)

आणि मानधन? आठवड्यातलं सगळ्यात जास्त. न वाजवण्याचं.

मला तेव्हा 1940 आठवलं. ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी आली ते साल. लायोनेल फील्डन हे रेडिओचे प्रमुख होते, टागोरांनाही पेटी आवडायची नाही. 1971 साली ती बंदी थोडी सैल झाली. ज्या वाद्यावर गोविंदराव टेंबे गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसायचे, त्याला इतकी वर्षं रेडिओवर दाराबाहेर ठेवलं. तेव्हा निदान न वाजवण्याचे पैसे तरी मिळत नव्हते.

सेक्रेटरीसाहेब चिठ्ठी दाखवतायत. पाच मिनिटं. चला, श्रुती, म्हणजे स्वरांच्या जागांमधले बारीक फरक.

बंदीमागचं एक कारण खरंच होतं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, पेटीवर येत नाही, आणि स्वर समान अंतरावर लावलेले असतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार, म्हणजे ग, आपोआप ऐकू येतो, त्याच्यापेक्षा पेटीचा गंधार साधारण 14 सेंट चढा. शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर. पंचमात मात्र फरक जेमतेम 2 सेंटचा. विद्वान हे सांगतात आणि थांबतात. माझं म्हणणं पुढे आहे. हे 14 सेंट कुठे ऐकू येतात? पार्ल्याच्या मैदानात नाही, तिथे लवंगी माळ ऐकू येते. देवळात नाही, तिथे आधीचाच गंधार अजून हवेत असतो. हिंदू कॉलनीत, माइक नाही, पंखा बंद, गायिका तीन हातांवर, तिथे ते टोचतात. एनसीपीएचं, म्हणजे नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्राचं, टाटा थिएटर 1980 साली उघडलं, तेही मुळात माइकशिवाय ऐकण्यासाठी बांधलेलं. तिथेही टोचतील.

म्हणून त्या बैठकीत यमन गाताना बाई गंधारावर थांबल्या की मी थांबत नाही. ऋषभापर्यंत जातो, सोडून देतो, त्यांचा गंधार त्यांनाच लावू देतो, आणि मग पंचमावर भेटतो. दरबारी रागात कोमल गंधाराचं आंदोलन, म्हणजे स्वर हळू झुलवणं, असलं की हात मांडीवर. याला कुणी दमलं म्हणो. श्रुतींचा प्रश्न पेटीत नाही, खोलीत आहे, आणि साथीदाराने आधी खोली ऐकून मग पट्टी दाबावी, एवढं माझं म्हणणं.

साऊंडवाल्यांबद्दलही बोलायचं होतं. स्टेजवरच्या मॉनिटरमध्ये माझीच पेटी मला इतकी मोठी ऐकवतात की गायिका गातेय हे ओठ पाहून कळतं. पण साहेब आता उठून उभेच राहिलेत. ज्यांना 14 सेंटवरून भांडायचंय त्यांनी चहाला गाठा. मी तेवढाच वेळ आहे, मग पेटी घेऊन मालडब्यात शिरायचंय.