क्लिअर अलाइनर लावायचे? पैसे भरण्याआधी दिवसातले २ तास मोजा

(टेबलावर पारदर्शक ट्रे आणि त्याचा डबा. बाहेर पावसाचा आवाज.)

गेल्या गणपतीत, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी उशिरा माझ्या एका पेशंटचा फोन आला. घरात ३०-३५ माणसं, जमिनीवर पंगत, केळीची पानं. हिने जेवायला बसताना तोंडातला अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारा पारदर्शक ट्रे, काढला आणि पानाच्या कडेला ठेवला. जेवणं झाली, गप्पा रंगल्या, कोणीतरी पानं गोळा करून गोठ्यात नेऊन टाकली. घरातल्या चौघांनी गोठा पालथा घातला. ट्रे सापडला, पण गाईच्या खुराखाली. गाईने खाल्ला नाही, हे नशीब.

नमस्कार. मी दंतवैद्य आहे, वेडेवाकडे दात सरळ करणं हेच माझं काम. कुडाळात माझं क्लिनिक आहे. सध्या आठवड्यातून दोघं-तिघं तरी विचारतात, "डॉक्टरांनू, तारा नको, ता पारदर्शक लावया." लावूया, नक्की लावूया. पण अलाइनर निवडताना लोक कंपनीचं नाव विचारतात, किंमत विचारतात, आणि ज्यावर खरं सगळं अवलंबून आहे ते विचारतच नाहीत. तो ट्रे तुमच्या तोंडात दिवसाला किती तास राहणार?

(ट्रे हातात घेऊन.) हा प्लॅस्टिकचा पातळ ट्रे. तुमचे दात आज जिथे आहेत त्यापेक्षा किंचित वेगळ्या जागी असतील, अशा बेताने बनवलेला. किंचित म्हणजे एका ट्रेमागे साधारण पाव मिलिमीटर. आठवड्याने किंवा दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे, मग त्याच्या पुढचा. दात म्हणजे जांभ्यात ठोकलेली खुंटी नाही. तो हाडात बसलेला असला तरी दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची एक जिवंत गादी असते. ट्रे दाताला ढकलतो, ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड हळूहळू झिजतं आणि मागच्या बाजूला नवं हाड भरत जातं. हे काम मंद असतं आणि त्याला सतत दाब लागतो. ट्रे काढून ठेवलात की तंतू दाताला परत मागे ओढायला लागतात.

म्हणून आम्ही सांगतो, दिवसाला २० ते २२ तास. हा आकडा ऐकून सगळे मान डोलवतात. आता आपल्याकडचा दिवस बघूया. सकाळचा चहा. मग घावणे-चटणी नाहीतर पेज. ११ वाजता कोणी आलं म्हणून परत चहा. दुपारचं जेवण. ४ चा चहा आणि सोबत काहीतरी. रात्रीचं जेवण. झाले की नाही ६ वेळा? प्रत्येक वेळी फक्त २० मिनिटं धरली तरी पूर्ण २ तास संपले, आणि ब्रश करण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. बांगड्याच्या तिखल्याचं जेवण २० मिनिटांत आटपतं का, हे तुम्हीच सांगा.

तर माझ्या पेशंटना मी पैसे भरण्याआधी एक काम देते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ३ दिवस खूण करत जा. तोंडात काही गेलं की एक रेघ, आणि किती वेळ लागला ते. रेघा ४ च्या वर असतील तर चहा नाश्त्याबरोबर आणि जेवणाबरोबर जोडता येईल का ते घरात बोलून ठरवा. जमत असेल तर अलाइनर तुमच्यासाठी आहे. जमत नसेल, दिवसभर दुकानात बसून चहा चालू असेल, पान-सुपारी सुटत नसेल, तर तारा लावा. तारा काढता येत नाहीत आणि या बाबतीत तोच त्यांचा मोठा गुण आहे. यात कमीपणा काही नाही.

काही तोंडांना तर मीच आधी तारा सुचवते. हाडात अडकलेला सुळा खाली ओढून आणायचा असेल, गोल आकाराची उपदाढ बरीच फिरवायची असेल, दात काढून मोठी फट बंद करायची असेल, तिथे तारेची पकड जास्त चांगली. जबडाच पुढे-मागे असेल तर एकटा अलाइनर पुरत नाही. आणि हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील, तर आधी हिरड्यांचा इलाज. आपल्याकडे अजून कितीतरी बायका मिसरी लावतात आणि हिरड्या आतून खराब झालेल्या त्यांना कळतही नाहीत. दुखऱ्या हिरडीत दात सरकवला तर दात हातचा जाऊ शकतो.

आता डॉक्टर कसा निवडायचा? बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर ३ वर्षांचं एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, केलेलं असेल तर त्या माणसाने याच विषयाचा अभ्यास केलेला असतो. पहिल्या भेटीत हिरड्या तपासल्या का, एक्स-रे काढले का, दातांचं स्कॅन किंवा माप नीट घेतलं का, ते बघा. संगणकावर दात सरळ होताना दाखवतात ते चित्र सुंदर असतं, पण तो बेत आहे. प्रत्यक्षात काही दात मागे राहतात आणि मग नवं स्कॅन करून जास्तीचे ट्रे बनवावे लागतात. ते ट्रे ठरलेल्या रकमेत आहेत का? शेवटचा रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा ट्रे, त्यात आहे का? हे लिहून घ्या. दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवणार का, दोन दातांमध्ये किंचित घासणार का, हेही आधीच विचारा. दोन्ही गोष्टी नेहमीच्या आहेत, पण मध्येच कळल्या की माणूस घाबरतो.

घरी पेटी मागवायची, स्वतःच माप घ्यायचं आणि ट्रे कुरिअरने यायचे, या प्रकाराला माझा स्पष्ट विरोध आहे. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही अशी मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि उपचार अर्ध्यावर असलेल्या लोकांना दुसरी सोय शोधावी लागली. तुमच्या तोंडात हात घालून तपासणारा माणूस हवाच.

आणि तो जवळ हवा. मुंबईला नोकरी करणारी मुलं सुट्टीत इथे येतात, इथे सुरू करतात आणि परत जातात. पुढचं दीड वर्ष तुम्ही जिथे राहणार, तिथला डॉक्टर धरा. अलाइनरला भेटी कमी लागतात, बरेचसे ट्रे एकदम देता येतात, हे वेंगुर्ला-देवगडहून येणाऱ्यांना सोयीचं आहे. पावसाळ्याआधी मी पुढचे ट्रे हातात देऊन ठेवते. घाटात दरड आली किंवा गाड्या अडकल्या तरी काम थांबत नाही.

निगा ही मात्र रोजची गोष्ट. ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी. शहाळ्याचं पाणीसुद्धा नाही, कारण त्यात साखर असते. कोकम सरबत तर नाहीच, त्यात साखर आणि आंबट दोन्ही. एरवी लाळ दात धुऊन काढते. ट्रेच्या आत लाळ पोचत नाही, आणि एक घोट आत गेला की तो दाताला तासन् तास चिकटून बसतो. मे महिन्यात आंबा खाऊन तसाच ट्रे चढवणाऱ्यांचे दात सप्टेंबरात पांढरट डागांनी भरलेले मी पाहिले आहेत. वाईट वाटतं, कारण दात सरळ झालेले असतात आणि किडायला लागलेले असतात.

सोलकढी प्या, मनसोक्त प्या, पण ट्रे काढून. नंतर लगेच ब्रश घासू नका, आंबटाने दाताचं वरचं कवच थोडं मऊ झालेलं असतं. पाण्याने ४-५ वेळा जोरात चुळा भरा आणि ट्रे चढवा. रात्री झोपताना नीट ब्रश करा, दातांच्या फटीतून दोरा फिरवा. हळदीचा पिवळा रंग ट्रेला आणि त्या उंचवट्यांना धरतो, म्हणून माशाच्या जेवणानंतर चुळा चुकवू नका.

ट्रे गार पाण्याने, मऊ ब्रशने आणि हात धुण्याच्या द्रव साबणाच्या थेंबाने धुवा. टूथपेस्ट नको, तिने चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. चुलीवरचं कढत पाणी अजिबात नको. प्लॅस्टिक मऊ होऊन आकार बदलतो आणि मग तो ट्रे दात भलतीकडेच ढकलतो. एका आजींनी प्रेमाने नातीचा ट्रे उकळून दिला होता. तो टाकावा लागला.

काढताना आधी मागच्या दाढांकडून, आतल्या बाजूने बोट घालून सोडवा आणि मग पुढे या. पुढून ओढलात तर चीर जाते. नवा ट्रे रात्री झोपताना सुरू करा. पहिले २-३ दिवस दात ठणकतात, त्यातला बराचसा भाग झोपेत निघून जातो. आणि ट्रे एक तर तोंडात, नाहीतर डब्यात. रुमालात नाही, खिशात नाही, पानाच्या कडेला नाही. कुत्र्यालाही तो फार आवडतो, त्याला वास येतो.

त्या गणपतीतल्या पेशंटला मी फोनवर विचारलं, आधीचा ट्रे आहे का? होता. मी प्रत्येकाला एक मागचा ट्रे जपून ठेवायला सांगते तो याचसाठी. तो तिने त्याच दुपारी चढवला. दोन दिवसांनी येऊन दाखवलं, पुढचा ट्रे बसत होता, म्हणून पुढे गेलो. हरवला की मनाने पुढचा घालू नका, आधी फोन करा. कधी पुढे जायचं असतं, कधी मागे थांबायचं असतं.

शेवटचा ट्रे संपल्यावर रिटेनर येतो. सुरुवातीचे काही महिने जवळजवळ पूर्ण वेळ, मग रोज रात्री. "किती वर्षं?" असं विचारतात. दात आयुष्यभर थोडे थोडे सरकतच असतात, म्हणून सरळ हवेत तोपर्यंत. त्या गणपतीतल्या पेशंटचा उपचार या मे महिन्यात संपला. यंदा चतुर्थीला ती रिटेनरचा डबा देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवणार आहे, पंगतीपासून लांब.